मटणाच्या लोणच्याची तक्रार

निवृत्तीनंतर माझी पावलं मंदावली, चष्म्याचा नंबर वाढला, पण या प्रकरणाची आठवण निघाली की मी आजही खुर्चीत पुढे सरकून बसतो. खून नाही, दरोडा नाही. घरात बसून चार पैसे जास्त मिळवू पाहणाऱ्या एका बाईचं प्रकरण. तरी सबंध नोकरीत तपासाची एवढी मजा मला दुसऱ्या कुठल्याच गुन्ह्यात आली नाही.

मी तेव्हा कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीचा हवालदार स्टेशन डायरी माझ्यापुढे ठेवून गेला आणि टपालात नाशिकहून वर्ग झालेली एक तक्रार निघाली. तिथल्या एका गृहस्थांनी मोबाईलवर जाहिरात बघून कोल्हापुरी चटणी आणि मटणाचं लोणचं मागवलं होतं. पैसे गेले, माल आला नाही, फोन उचलणं बंद झालं. सोबत जाहिरातीचा फोटो जोडला होता. त्यात चटणीचं पाकीट हातात धरून हसणारी एक बाई होती आणि पाकिटावर तिचं नाव नि मंगळवार पेठेतला पत्ता. पाठोपाठ पुण्याची तक्रार आली, मग नागपूरची. सगळीकडे तोच फोटो आणि तेच नाव.

वरून विचारणा सुरू झाली. नाव आहे, पत्ता आहे, चेहरासुद्धा आहे, मग अटक कशात अडली आहे? प्रश्न रास्त होता. पण आरोपी स्वतःचा फोटो छापून फसवणूक करतो, हे मला काही पटेना. चोर एवढा सरळ असता तर आम्हाला पगार कशाला दिला असता!

महिला शिपायाला बरोबर घेऊन मी साध्या कपड्यात त्या घरी गेलो. माणसं मूळची गडहिंग्लजकडची, लिंगायत. नवरा कारखान्यात कामाला. पुढच्या खोलीत भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास भरला होता. ही बाई शेंगाचटणी, कांदा-लसूण चटणी आणि कडक भाकरी करून मोबाईलवरून विकत होती. हाताखाली गल्लीतल्याच तीन-चार बायका. कोपऱ्यात सासूबाई भाकरीची परात घेऊन बसल्या होत्या. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची. सासू-सुनेचं बोलणं निम्मं कानडीत चाले.

मी ओळख दिली आणि तक्रारी सांगितल्या. बाईच्या हातातली पिशवी तिथेच थांबली. तिने रडारड केली नाही. फसलेले लोक तिचा नंबर शोधून तिलाही महिनाभर फोनवर शिव्या देत होते, म्हणाली. तिने एकेकाला समजावून पाहिलं, कुणी ऐकून घेईना. नेहमीची गिऱ्हाइकं तुटली, कामाला येणाऱ्या बायकांपैकी एकीला नवऱ्याने घरी बसवलं. पोलीस दारात आले म्हटल्यावर उद्या गल्ली काय बोलेल, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

अव्वा मधेच बोलल्या. हा मोबाईलचा धंदा नको म्हणून त्या पहिल्यापासून सांगत होत्या. आता भोगा, असा त्यांचा सूर होता. सुनेची बाजू घेणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

मी मोबाईलवर जाहिरातीचा फोटो मोठा करून अव्वांसमोर धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, खाली लिहिलेली मालाची नावं सुनेकडून वाचून घेतली आणि मोबाईल असा काही परत ढकलला की महिला शिपायाने तो झेलला म्हणून वाचला.

"मटणाचं लोणचं? सायेब, आमच्या घरात अंडं शिजत न्हाय. अंड्याचं टरफल दारात पडलं तरी म्या उंबरा धुऊन काढते. कुणाचा मुडदा हाय ह्यो, माझ्या सुनंच्या नावावर मटण इकतोय?"

क्षणापूर्वी सुनेला बोल लावणारी ही म्हातारी आता पदर खोचून उभी होती. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याने जाहिरातीचं हे बनावट पान काढलं त्याने बाईचे फोटो उचलले, नाव उचललं, पण घर पाहिलं नव्हतं. शिवाय तो नक्की आमच्याच जिल्ह्यातला असणार. कोल्हापूरच्या नावावर काही विकायचं म्हटलं की मटण सोडून दुसरं काही न सुचणारा माणूस कोल्हापूरचाच! कोर्टात हा पुरावा टिकला नसता, पण तपासाला दिशा मिळाली. मी बाईचा जबाब नोंदवून घेतला आणि चार दिवस तरी अटकेचं नाव काढायचं नाही, असं वरिष्ठांकडून मागून घेतलं.

सायबर विभागाने त्यांचं काम चोख केलं. पण पैसे जात होते ते खातं परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं, सिमकार्डही त्याच्याच नावावर. त्या बिचाऱ्याला कशाचा पत्ता नव्हता. बँकेचं उत्तर यायला वेळ लागणार होता आणि माझी मुदत संपत आली होती. तेव्हा म्हटलं, यंत्राने होत नसेल तर जिभेने करू.

आमच्याकडे विदर्भातून बदलून आलेला एक हवालदार होता. माणूस कामाचा, पण जेवणावरून रोज कुणाशी तरी वाजायचं. त्याला बोलावलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि जाहिरातीतल्या नंबरावर गिऱ्हाईक म्हणून फोन लावायला सांगितला. फोन उचलला गेला! आम्ही सगळे टेबलाभोवती उभे. हवालदाराने आधी मालाची चौकशी केली, मग म्हणाला की आम्ही कुटुंब घेऊन देवीच्या दर्शनाला येतोच आहोत, लोणचं हातीच घेऊ. समोरचा सावध होता. दुकान नाही, फक्त कुरिअर, आधी पैसे, असं म्हणून तो फोन ठेवायला निघाला. मी खूण केली. हवालदाराने ठेवणीतला बाण काढला.

"जाऊ द्या ना भाऊ. तसंही तुमचा तांबडा रस्सा म्हणजे लेकरांचं खाणं हाये. आमच्याकडं सावजी मटण खाऊन पाहा एकदा."

पलीकडचा आवाज चढला.

"ओ पावणं, कुणासंगं बोलताय? कोल्हापूरच्या रश्श्याला नावं ठेवताय व्हय? गगनबावडा रोडला आमच्या दाजींची खानावळ हाय. या उद्या दुपारी, म्या सोता वाढतो. एका वाटीत घाम न्हाय फुटला तर पैसं देऊ नका."

त्याने खानावळीची खूणसुद्धा सांगितली, वळण चुकू नये म्हणून दोनदा. फोन ठेवल्यावर माझ्या खोलीत जो जल्लोष झाला, तो ऐकून ठाणे अंमलदार धावत आला. इतक्या हुशारीने दुसऱ्याचं खातं वापरणारा माणूस रश्श्याच्या अपमानाने आपला ठिकाणा सांगून बसला होता. माझा जन्म इथलाच असल्यामुळे मला याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात, दोन पंच बरोबर घेऊन आम्ही खानावळीत पोचलो. हवालदाराने फोनवरचं गिऱ्हाईक आपणच असं सांगून एक टेबल धरलं, मी पलीकडे. तिशीतला एक गडी आतून रश्श्याचं भांडं घेऊन आला, वाटी भरली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. हवालदाराच्या कपाळावर घाम फुटला, नाकाला पाणी सुटलं. तो गडी खूश होऊन म्हणाला, "आता बोला की पावणं." मी टेबलाखाली जाहिरातीतला नंबर लावला. फोन त्याच्याच खिशात वाजला.

पंचांसमोर झडती घेतली. मोबाईलमध्ये ते बनावट पान उघडंच होतं, खिशात आणखी सिमकार्डं. चौकशीत त्याने फार ताणलं नाही. घरबसल्या कमाई शिकवणाऱ्या कुठल्यातरी ग्रुपमध्ये त्याने स्वतःचे पैसे घालवले होते आणि ते वसूल करायला तीच विद्या दुसऱ्यांवर चालवली. पत्ता का सांगितलास, असं मी विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "सायेब, मला म्हणला असता तर ऐकून घेतलं असतं. रश्श्याला म्हणला की त्यो." एवढं मात्र मला त्याचं पटलं.

संध्याकाळी मी स्वतः मंगळवार पेठेत गेलो आणि मुद्दाम गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आरोपी सापडला, तुमच्यावर काही नाही. आता बाईच्या डोळ्यांना पाणी आलं. पण पुढच्याच दमात तिने विचारलं, फसलेल्या लोकांचे पत्ते मिळतील का? तिला त्या सगळ्यांना माल पाठवायचा होता. मी समजावलं की कायद्याने तिच्यावर काडीची जबाबदारी नाही, ती स्वतःच यात फसलेली आहे.

"कायद्यानं न्हाय हो सायेब. पर त्यांनी पैसं टाकलं ते माझं त्वांड बघून. उद्या माझं पाकीट बघून कुणी त्वांड फिरवलं तर म्या काय कायदा दाखवू?"

मी अव्वांकडे बघितलं. मला वाटलं, म्हातारी आता खर्चावरून सुनेला झापणार. त्यांनी भाकरीचं पीठ पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "मटण मागिवलं त्यास्नी बी शेंगाचटणीच जाईल. खाऊ देत गप."

तक्रारदारांना विचारून आम्ही पत्ते दिले. या नोकरीत मी माणसं नाव लपवताना पाहिली, खोटं नाव सांगताना पाहिली, दुसऱ्याच्या नावाआड दडताना पाहिली. आपलं नाव दुसऱ्याने बुडवलं आणि ते स्वतःच्या कष्टाने वर काढलं, असं माणूस मला एकदाच भेटलं. गुन्हेगार पकडला की आमची फाईल बंद होते, पण ज्याचं नाव वापरलं गेलं त्याचं काम तिथून सुरू होतं, हे मी त्या घरात शिकलो.

काही दिवसांनी ठाण्यात नाशिकच्या त्या गृहस्थांचा फोन आला. पार्सल पोचलं होतं. तक्रारीचं पुढे काय झालं, हे मी सांगू लागलो तर त्यांनी मला मधेच थांबवलं. त्यांना भावाकडच्या लग्नासाठी कडक भाकरी हवी होती आणि बाईंचा खरा नंबर पोलिसांकडूनच घ्यायचा होता. मी तो सावकाश सांगितला आणि परत म्हणून दाखवायला लावला.