रांगोळीचा नकाशा
नाशिकच्या द्वारका चौकात हातगाडीवर रांगोळीचे ढीग दिसले की मला पेठ तालुक्यातला तो आदिवासी पाडा आठवतो. आम्ही नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि गावकऱ्यांसोबत बसून गावाचा आराखडा करायचा, असा एक वीस मार्कांचा विषय होता. सरांनी नाशिकहून रांगोळीचे पुडे आणले होते. सारवलेल्या अंगणात बायकांनी नकाशा काढला: घरं, भाताची खाचरं, मागची टेकडी, आणि एका आजीने पार कडेला चिमूटभर रांगोळी सोडून दाखवलेला झरा. "दोन हंड्यांत माझी सकाळ जाते," ती म्हणाली, "उन्हाळ्यात तोबी आटतो." सर खुर्चीवर चढून फोटो काढत होते. मनासारखा फोटो मिळाल्यावर ते म्हणाले, "झालं, चला." आजीने माझा हात धरला. "मंग झऱ्याचं लिवलं ना, बाई?" मी म्हणाले, "लिहून घेतलंय, आजी." माझी वही बसमध्येच होती. बस वळताना मागे पाहिलं, तर कोंबड्यांनी विस्कटू नये म्हणून ती नकाशाभोवती दगड मांडत होती. तो फोटो पुढे कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापून आला आणि मला वीसपैकी अठरा मिळाले. आता विकास आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकणं हीच माझी नोकरी आहे. माणसं लांबून येतात, घसा कोरडा होईपर्यंत बोलतात, आणि मी मान हलवत म्हणते, लिहून घेतलंय. हे मला नोकरीत कोणी शिकवायची गरज पडली नाही.