मिश्रणाची दहा मिनिटं

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी कुणी न विचारताही सांगते. चिकलठाण्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा गावाकडं, अजिंठ्याच्या बाजूला, सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. मुकुंदवाडीतल्या माझ्या खोलीभोवती मात्र रोज नव्या इमारतीचा स्लॅब ओतला जायचा.

प्राण्यांच्या पेशी चंबूत पोसायच्या आणि त्यांच्यात बाहेरचा डीएनए सोडायचा, हे आमचं काम. पेशी आठवडाभर हवं ते प्रथिन करून देतात, मग त्यांना त्याचा विसर पडतो. तेवढ्या आठवड्यात जास्तीत जास्त प्रथिन कसं निघेल, ते आम्ही शोधत होतो. डीएनए एका रसायनात मिसळून दहा मिनिटं ठेवायचा आणि मग पेशींना द्यायचा. जास्त ठेवला तर गुठळ्या मोठ्या होतात, पेशींना झेपत नाहीत.

ती दहा मिनिटं माझी असायची. हातमोजे काढून मी जिन्यात यायचे. अकराच्या सुमारास गावात टँकर यायचा आणि घागरी रांगेला लावून माय फोन करायची.

"जेवलीस का?"

"अकराच वाजलेत, माय."

"बरं, तुह्या पेशी तरी जेवल्या का?"

मागं बाया हसायच्या. एखादी ओरडायची, "लेकरं पोसायच्या वयात जंतू पोसती व्हय तुही लेक?"

"तुह्या लेकीला जमंल का? सांग की!" माय तिथंच सुनवायची.

एक दिवस ती म्हणाली, दोन्ही बैल चारा छावणीत नेऊन बांधले. "दावणीकडं बघवत नाय गं." आणि बैलांचंच सांगत राहिली. तिचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. फोन ठेवता येईना. आत गेले तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. मिश्रण फेकायला हवं होतं, पण तो डीएनए तयार करायला आठवडा गेला होता. मी ते पेशींना दिलं आणि वहीत लिहिलं, दहा मिनिटं.

प्रथिन निघालं ते नावापुरतं. आमच्या गटाच्या मॅडमनी रसायनाच्या नव्या बाटलीवर संशय घेतला. तीन दिवस सगळे ती बाटली तपासत बसले. चौथ्या दिवशी मी जाऊन खरं सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पंचवीस लिहिलं असतंस, तर तोही एक प्रयोग झाला असता. आता तो कचरा आहे."

त्या संध्याकाळी मायला सांगितलं, अकराला फोन करू नको. का, तेही सांगितलं.

"माह्यामुळं झालं?"

"नाय गं. माझ्यामुळं."

पुढं वेळ पाळली, वही खरी लिहिली, आणि प्रथिन वाढत गेलं. पाऊस झाला. बैल घरी आले, टँकर बंद झाला. आता मिश्रण दुसऱ्याच्या हातानं होतं, अकराला मी मोकळी असते. एकदा मीच फोन लावला.

"काय झालं? पेशी मेल्या का?"

"नाय गं, सहज केला."

"कामाच्या वक्ताला सहज नाय करायचं. ठेव."

संध्याकाळी तिचा फोन येतो, रोज, न चुकता. जेवलीस का, विचारते. मी काही सांगायला तोंड उघडते, तोवर तिकडून येतं, "बरं, तुला कामं असतील लई. ठेवते."