सैनीजींचं नेट माझ्यामुळे तुटत होतं

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटते आहे.

दिल्लीत पहाडगंजला स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलींची अभ्यासिका आहे. तिथे फुकट नेट मिळावं म्हणून मागच्या महिन्यात मी दूरच्या एका गच्चीवरून नेट घेणारा अँटेना अभ्यासिकेच्या गच्चीवर लावला. वेग वाढावा म्हणून चॅनल सगळ्यात रुंद ठेवला. म्हणजे हवेतली सगळ्यांची जागा एकटीने घेतली.

तेव्हापासून शेजारच्या गच्चीवरून गल्लीला वायरलेस नेट पुरवणाऱ्या सैनीजींची लाइन तुटत होती. साठीतला माणूस रोज उन्हात शिडीवर चढून डिश फिरवायचा. मी वर सुनावलं होतं, "अंकल, आपका डिब्बा पुराना है."

आज दुपारी शंका आली म्हणून ते डिश फिरवत असताना माझा अँटेना पाच मिनिटं बंद केला, तर ते शिडीवरून म्हणाले, "आ गया, बिटिया. डिश ही टेढ़ी थी."

मी मुकाट्याने चॅनल अरुंद केला. मुलींचं त्यातही भागतंय. पण खरं बोलले नाही. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि ते मला 'इंजिनियर बिटिया' म्हणतात.

संध्याकाळी ते दारोदार सांगत होते, "माफ करना जी, गलती हमारी थी."

आता त्यांच्याकडेच निघाले आहे. तुम्ही असतात तर पहिलं वाक्य काय बोलला असतात?