उमादेवींची हस्तकला

लातुरात ट्यूशन नसलेलं पोर सापडणं जितकं अवघड, तितकंच उमादेवींच्या घरात पोराच्या हातचं हस्तकलेचं काम सापडणं अवघड. हस्तकला या शब्दातला हात नेमका कुणाचा, हे पुस्तकात लिहिलेलं नाही ना? मग झालं तर.

उमादेवी माहेरच्या निलंग्याच्या. नवऱ्याचं सरकी-पेंडीचं दुकान, घरात खाऊन-पिऊन सुखी, पण बाईंचे हात सारखे शिवशिवायचे. लेक संगमेश्वर पहिलीला गेला आणि त्याच्याबरोबर हे हातही शाळेत जायला लागले. त्यानं थर्माकोलचा किल्ला केला, म्हणजे उमादेवींनी केला. त्यानं फुटक्या बांगड्यांचा मोर केला, तोही उमादेवींनीच. पोरगा शेजारी मांडी घालून बसलेला असायचा आणि त्यानं बोट जरी पुढं केलं तरी आई खेकसायची, "हात लावू नको, नासवशील!" असा हा पोरगा दहावीपर्यंत हस्तकलेत पहिला आला. बक्षीस त्याला मिळायचं आणि टाळ्या उमादेवी घ्यायच्या. हिशोब चोख होता.

हा हस्तकलेतला पहिला नंबर आता बँकेत साहेब आहे. शर्टाचं बटण तुटलं की शर्ट बदलतो. स्वयंपाक झाकून ठेवलेला असला, तरी कुणी वाढेपर्यंत ताटापुढं बसून राहतो. "माझा संगू लई साधा," असं उमादेवी कौतुकानं सांगतात. सून मंजुश्रीचं या साधेपणाबद्दल वेगळं मत आहे. पण ती मोठ्यांचा मान राखणारी, त्यामुळं ते मत ती भांडी आपटूनच मांडते.

मग नात शांभवी शाळेत गेली आणि आजीच्या हातांना नव्यानं पालवी फुटली. पानांचा हत्ती, काड्यांचं घर, आकाशकंदील, सगळ्यावर नाव शांभवीचं, सगळ्याला मॅडमचा चमकता स्टार. गल्लीतल्या कस्तुराबाईंचा नातू त्याच वर्गात. त्याला एकदाही स्टार नाही. उमादेवी हे कस्तुराबाईंना वरचेवर आठवणीनं सांगत.

वर्गाच्या सुमय्या मॅडम वयानं लहान असल्या तरी खुळ्या नव्हत्या. एके दिवशी मोबाइलवर त्यांचा निरोप आला: 'शनिवारी आजी-आजोबा दिवस. मुले वर्गात रंगीत कागदाचा पक्षी तयार करतील. आजी-आजोबांनी सोबत बसावे.'

'सोबत बसावे' एवढं सोडून उमादेवींनी बाकी सगळं वाचलं. शुक्रवारीच घोटीव कागदाचे पंख कापले, शेपटीला झालर काढली, डोळ्यासाठी टिकली निवडली आणि सगळं पिशवीत घालून वर दस्तीचा रुमाल टाकला.

"अत्या, पोरांनी करायचंय की ते," मंजुश्री सासूला म्हणाली.

"हाव गं, तीच करणार हाय. मी नुसती तयारी करून राहिले."

शनिवारी वर्गाच्या दारातच सुमय्या मॅडमनी गोड हसून पिशवी काढून घेतली. "कागद आम्ही देणार, आजी. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसायचं फक्त."

"आता बाई! मग हात घरीच ठेवून आले असते की," उमादेवी फणकारल्या. पण मागून कस्तुराबाई येताना दिसल्या. त्यांच्यासमोर तमाशा नको, म्हणून मुकाट्यानं जाऊन बसल्या. आज पहिला स्टार शांभवीला मिळाला नाही तर कस्तुराबाई गल्लीभर सांगत सुटणार, हीच काळजी त्यांना लागली होती.

शेजारच्या बाकावर हनीफभाई आणि त्यांचा नातू साद. सादनं तोवर एक जांभळा गोळा कागदावर चिकटवला होता.

"ये क्या है बेटा?" आजोबांनी विचारलं.

"कबूतर. बसलंय, म्हणून पाय दिसत न्हाईत."

"वाह! क्या बैठा है!" हनीफभाई खूश.

उमादेवींनी तोंडाला पदर लावला. असल्या कबुतराला मांजरसुद्धा विचारणार नाही! हसून झाल्यावर त्यांनी आपल्या नातीकडं पाहिलं. शांभवी ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर. समोर कोरे रंगीत कागद.

"कर की गं."

"तू कर. मी थांबते."

"मला हात लावायला बंदी हाय. तू कात्री तर उचल."

शांभवीनं कात्री उचलली. कागदाच्या कडेला टेकवली आणि तशीच मागं घेतली.

"नासलं तर?" तिनं हळूच विचारलं.

उमादेवींना तिच्यात आपला लेक दिसला. संगू असाच बसायचा. अगदी असाच, डोळे आईच्या हातांवर लावून. अजून बसतो, ताटापुढं. अगं माय, हे मी काय करून ठेवलं! त्यांना एकदम रडूच यायला लागलं, तेही भर वर्गात.

"शांभू," त्या म्हणाल्या, "मला पक्षी येत न्हाई गं."

"खोटं. तुला सगळं येतं."

"शपथ. कागदाचा तर अजिबात न्हाई येत. तू करून दाखव, मी बघते."

शांभवीनं आजीकडं टक लावून पाहिलं. मग तिला एकाएकी लई चेव आला. कराकरा कात्री चालली. निळं पोट झालं, त्याला लाल पंख लागला, तोही शेपटीच्या जागी. गोंद कागदाला थोडा आणि केसांना जास्त. चोच पक्ष्याहून मोठी, वर उलटी. उमादेवींचा हात दोनदा पुढं गेला. शेवटी त्या आपल्याच हातांवर बसल्या. "चोच फिरव गं" हे शब्द ओठांपर्यंत आले, ते त्यांनी कडू काढ्यागत गिळले.

माइक घेऊन फिरत सुमय्या मॅडम बाकापाशी आल्या. "अरे वा, शांभवी! आजींनी मदत केली का?"

शांभवीनं माइक जवळ ओढला. "न्हाई मॅडम! माझ्या आजीला काहीच येत न्हाई. मीच तिला शिकवून राहिले."

भिंतीवरच्या स्पीकरमधून ते वाक्य वर्गभर घुमलं. सगळ्या आज्या वळल्या. कस्तुराबाई तर उठून उभ्याच राहिल्या. बांगड्यांचा मोर, थर्माकोलचा किल्ला, आयुष्यभराची कमाई त्या एका वाक्यात मातीत गेली.

"खरं का आजी?" मॅडमनी माइक उमादेवींपुढं धरला.

शांभवी गोंदानं माखलेल्या तोंडानं त्यांच्याकडं बघत होती.

उमादेवींनी घसा साफ केला.

"हाव," त्या माइकात म्हणाल्या. "न्हाई येत."