अमरावतीत भेटलेला ग्रीकांचा निरोप्या

तेल्हाऱ्याहून निघतानाच डोकं तापलं होतं. नात रेणू अमरावतीच्या कॉलेजात ग्रीक लोकांचं जुनं नाटक करत होती आणि मुलगा दिनेश मला ओढतच घेऊन चालला होता. मागच्या साली बायको तिथल्याच दवाखान्यात वारली. ते गाव मला पुन्हा पाहायचं नव्हतं.

मूर्तिजापूरला एसटीची गाडी पंक्चर. दोन्हीकडे धुळीनं भरलेली पराटी (कपाशी). आलुबोंड्यानं जीभ पोळली, तो टाकूनच दिला.

कॉलेजात खुर्ची नाही, पडदा नाही. उघड्यावर दगडी पायऱ्या.

"बाबाजी, ग्रीक लोक डोंगराच्या उतारावर असेच बसायचे," एक मास्तर म्हणाले.

"मंग त्याईचीही कंबर मोडत असन."

मास्तर सांगतच राहिले. पहिले नुसता गाणाऱ्यांचा ताफा होता, मग कवींनी त्यातून एक बोलणारा बाहेर काढला, पुढे दुसरा. मुखवटे लावून बाप्येच बाया व्हायचे.

"आमच्या दंडारीत (गावच्या नाचनाटकात) तेच हाये," मी म्हटलं. "हे सांगाले इतक्या लांब आनलं का?"

नाटकात राणी आत गेली ती गेलीच. बाहेर ताफा नुसता गळा काढून रडत होता.

"काय झालं ते दाखवत काहून नाहीत?"

"बाबा, मरण दाखवत नाहीत. निरोप्या येऊन सांगते," दिनेश म्हणाला.

निरोप्या म्हणजे आमची रेणू. म्हाताऱ्या राजासमोर उभी राहिली आणि म्हणाली, तुझी राणी मेली. मग कशी मेली, शेवटी काय बोलली, सगळं सांगितलं. राजानं उभ्यानं ऐकलं.

मला असं कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे फोनवर मेलं म्हणत नाहीत. "मायले जरा जास्त हाये, या," एवढंच दिनेश बोलला होता. मी उपाशीच निघालो, तिच्यासाठी घेतलेली संत्र्यांची थैली मांडीवर धरून. सोबतच्या शेजाऱ्याला सगळं ठाऊक होतं, तरी तो गुमान बसला. पुढेही कधी विचारलं की दिनेश म्हणायचा, "जाऊ द्या ना बाबा."

परतताना बडनेरा मागे पडलं. मी म्हटलं, "त्या राजाले सांगतलं तेवढं मले सांग."

"आता काहून, बाबा?"

"काहून म्हंजे? बायको माही होती का गावाची?"

दिनेशनं खिडकीची काच ओढून घेतली.

"तरास नोयता झाला. झोपेतच गेली. त्याच्या आंधी म्हने, बाबाले बलाव. पन त्याईले म्हन, जेवून निघजा. तो निरोप माह्याच्यानं देनं झालं नाही."

मूर्तिजापूरला गाडी थांबली. दिनेश म्हणाला, "बसून राहा, लगेच सुटते."

"सुटू दे," मी म्हटलं. "उतर. जेवून निघू."