बांधीतला तास

रामटेके बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात कूलरचा पंप निवडत उभा होतो. "भाई साहब, लेना है कि नहीं?" दुकानदार विचारत राहिला आणि मला त्याचं बोलणं कळेचना... पंप न घेताच घरी आलो. त्याला आता दोन महिने होत आले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो उठला त्याने बाईंना 'तंत्रस्नेही शिक्षिका' म्हटलं. ऐकून मला रागच आला. बाईंचा यंत्रांशी स्नेह वगैरे काही नव्हता. रोजची भांडणं होती, आणि भांडून भांडून त्या यंत्राकडून काम करून घेत.

नवेगाव बांधजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा हेडमास्तरांनी त्याला हार घातला, फुलाफुलांचं झाकण शिवून घेतलं आणि ऑफिसात बसवून टाकला. पोरांनी दारातूनच दर्शन घ्यायचं. बाई नुकत्याच बदलून आल्या होत्या. एका दुपारी हेडमास्तर मीटिंगला गेलेले पाहून त्यांनी मला हाक मारली, "बिसेन गुरुजी, टेबल त्या बाजूनं धरा." मी का म्हणून न विचारता धरलं. बाईंना नाही म्हणणं कुणाला जमत नसे. हेडमास्तर परतले तर संगणक सातवीच्या वर्गात आणि त्याच्याभोवती पोरांचा घोळका.

"काऊन आणला इथं? खराब झाला तं जबाबदार कोन?"

"मी," बाई म्हणाल्या. "पोरं इथं बसतात, म्हणून आणला."

संगणक परत ऑफिसात गेला नाही. भारनियमनात वीज जायची, तर बाईंनी वेळापत्रकच विजेच्या मागे फिरवलं. आज गणित सकाळी, उद्या दुपारी. आम्ही कुरकुर केली, पण कुणाची डाळ शिजली नाही.

पण बाईंचं खरं भांडण होतं रोवणीशी. धानाची रोवणी लागली की पोरं आयांबरोबर भाताची रोपं लावायला बांध्यांमध्ये, म्हणजे शेताच्या खाचरांमध्ये जात, आणि रोवणी संपल्यावर त्यातली काही परत येतच नसत. मागे पडलेलं पोर वर्गात बसायला लाजायचं. मुली तर हमखास सुटायच्या. सहावीतली कविता कुंभरे हुशार होती, पण एका रोवणीत अपूर्णांक बुडाले आणि ती मान खाली घालून बसू लागली. पुढच्या रोवणीनंतर ही येणार नाही, ही धास्ती बाईंना लागली. त्या म्हणाल्या, "पोरगी शाळेत येऊन नाही रायली, तं शाळा जाईल बांधीत. कायले थांबायचं?"

तोवर घरोघरी मोठ्या आवाजात गाणी वाजवणारे मोबाइल आले होते. बाईंनी आपल्या मोबाइलवर धडे बोलून रेकॉर्ड केले आणि मेमरी कार्डात भरून घरोघर वाटले. पिशवीत मोबाइल घालून बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच्या झाडाला अडकवायचा, रोवता रोवता ऐकायचं. पहिल्याच दिवशी फजिती झाली. बाया थोडं ऐकून गाण्यांकडे वळल्या. कविताची आई हसत म्हणाली, "बाई, तुमी बातम्या सांगून रायल्या का?" पुस्तकी मराठीत बोलल्या होत्या ना! बाई पोट धरून हसल्या आणि सगळे धडे गावच्या बोलीत पुन्हा भरले. तपासणीला आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं, "ही कसली भाषा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पयले समजू द्या साहेब. पुस्तकाची भाषा मी शिकवूनच रायली आहो." त्या वर्षी रोवणी आटोपली आणि कविता स्वतःहून पुढच्या बाकावर येऊन बसली.

बाई निवृत्त झाल्या, तरी कार्डं गावात फिरत राहिली. यंदा रोवणी लागली तेव्हा मला वाटलं, चला, बाईंचा आवाज तरी आहे, काम चालेल. परवा मुद्दाम बांध्यांकडे गेलो. झाडाला मोबाइल लटकत होता, कविताची आई आणि आमच्या शाळेतली दुसरीतिसरीतली दोन पोरं चिखलात वाकलेली. बाईंचा तोच ठसक्यातला आवाज आला आणि मी धुऱ्यावर उभा राहून ऐकू लागलो. "अर्धी बांधी रोवून झाली. रायली त्याच्यातली अर्धी आखीन रोवली. आता किती रायली?" मग शांतता. पोरांना उत्तर द्यायला बाईंनी जागा सोडली होती...

"अर्धी!" धाकटी ओरडली.

"बरोबर! शाबास!" मोबाइलमधून बाई म्हणाल्या.

उत्तर होतं पाव, पण पोरगी खूश. कविताची आई कंबर धरून उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "काहाचं बरोबर, गुरुजी? मोबाइलले का आयकू येते? शाळा सुटली की बाई रोज धुऱ्यावर येत, एकेकाले इचारत. तुमी का नुसते उभे रायता?"

बाईंचा पुढचा प्रश्न सुरू झाला होता. मी मोबाइल थांबवला, चपला धुऱ्यावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधीत उतरलो.

"चुकलं," मी पोरीला म्हणालो. "आता बोटानं दाखव मले, कोनती अर्धी?"