वजनाचा रकाना

माजलगावच्या आमच्या दवाखान्यात औषधं कॉम्प्युटरवरून मागवायला लागून आठवडाच झाला होता. त्या दुपारी दिंद्रुडहून साप चावलेली बाई आली. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. मी डॉक्टर म्हणून विषावरच्या इंजेक्शनची ऑर्डर टाकू लागले, तर वजन भरल्याशिवाय स्क्रीन पुढेच जाईना. खरं तर या औषधाला वजन लागतच नाही.

“हिचं वजन किती?” मी तिच्यासोबत आलेल्या तिच्या नवऱ्याला विचारलं.

“वजन कावून पायजे, मॅडम? आधी सुई द्या की!” तो ओरडला.

मी अंदाजे पन्नास टाकलं, तेव्हा कुठे औषध मिळालं. संध्याकाळी तिने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बैठकीत मी भांडले. तातडीच्या रुग्णाला आधी औषध, नोंद नंतर, हे सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.